वासरू आधी, धार मागून

गाईच्या कासेत साठलेले दूध सडांत उतरते, त्याला मराठीत पान्हा म्हणतात. शब्द जुना आहे. संस्कृत 'प्रस्नव'पासून तो प्राकृतमार्गे आला. गाय पान्हावते, पान्हा सोडते, आणि मर्जी नसली तर पान्हा चोरते. परभणी जिल्ह्यात शेतावरच्या गोठ्याला आखाडा म्हणतात. तिथली धार काढण्याची रीत या एका शब्दाभोवती उभी राहिली आहे. पहाटे गाईपुढे सरकीचे आंबोण ठेवायचे आणि वासराचे दावे सोडायचे. वासरू कासेला ढुशा देत चारही सड लुचते. त्याच्या तोंडाला फेस आला आणि सड ताठरले की त्याला ओढून गाईच्या पुढच्या पायाशी बांधायचे, म्हणजे ती त्याला चाटत उभी राहते. मग चरवी घेऊन धारेला बसायचे आणि एका बैठकीत उरकायचे. शेवटचे दूध, किंवा एक अख्खा सड, वासराचा.

या रीतीमागे मायेपेक्षा हिशेब मोठा होता. परभणी, गंगाखेड, पालम, पाथरी या गोदावरीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत कापूस आणि ज्वारी पिकत असे. पावसाळ्यात चिखल होणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन नांगरायला दणकट बैल लागत. त्यासाठी या भागात लाल कंधारी जनावर पाळले गेले. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारवरून नाव पडलेली ही जात नांदेड, लातूर, परभणी आणि बीडच्या काही भागांत पसरलेली आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही तिचे वळू आणि बैल मिरवतात. गाय एका वेतात साधारण ६०० लिटर दूध देते, म्हणजे दिवसाला सरासरी दोन-अडीच लिटर. घरातल्या चहा-ताकाला तेवढे पुरे. तिचे खरे मोल गोऱ्ह्यात होते. ज्याच्या अंगात उद्याचा नांगर ओढण्याची ताकद यायची, त्या गोऱ्ह्याचे दूध चरवीत ओतणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला असता. वसुबारसेला पूजा होते ती सवत्स गाईची, एकट्या गाईची नाही; आणि व्रत करणाऱ्या बायका त्या दिवशी दूध-दुभते वर्ज्य करतात. गंगाखेड हे वारकरी संतकवयित्री जनाबाईचे गाव. वारकरी कवितेत देव-भक्तांच्या नात्याला गाय-वासराची उपमा इतक्या वेळा का येते, याचे उत्तर या परिसरातल्या कोणत्याही गोठ्यात सापडते.

मात्र वासरू लावल्याशिवाय दूध का उतरत नाही, याचे उत्तर गोठ्यात सापडण्याजोगे नव्हते. ते गाईच्या कवटीच्या तळाशी होते.

कासेतले दूध दोन ठिकाणी असते. सडाच्या वर एक पोकळी असते. तिथले दूध नुसत्या दाबानेही निघते. गाईत हा वाटा सुमारे पाचवा हिस्सा, म्हशीत त्याहून पुष्कळच कमी. बाकीचे दूध कासेच्या आतल्या असंख्य सूक्ष्म पिशव्यांत अडकलेले असते. प्रत्येक पिशवीभोवती स्नायूंसारख्या आकुंचन पावणाऱ्या पेशींचे जाळे असते आणि ते आवळले गेले तरच दूध खाली येते. हे जाळे गाईच्या इच्छेवर चालत नाही. ते रक्तातून येणाऱ्या एका संप्रेरकाच्या हुकमावर चालते. वासराने सड लुचला की स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकाकडे, म्हणजे हायपोथॅलॅमसकडे जातो. तिथल्या चेतापेशी ऑक्सिटोसिन तयार करतात. या पेशींची लांब टोके खाली पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागात पोहोचलेली असतात. संप्रेरक तिथे साठवलेले असते आणि संदेश येताच रक्तात सुटते. मिनिटभराच्या आत ते कासेत पोहोचते. रक्तात ते फार टिकत नाही, काही मिनिटांत विरते. धार एका बैठकीत उरकायची या जुन्या दंडकाचे शारीरिक कारण एवढेच आहे.

पान्हा चोरण्याचेही कारण तसेच सरळ आहे. गाय बुजली, अनोळखी माणूस धारेला बसला, कुत्रे अंगावर आले की अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलिन सुटते. ते कासेतल्या रक्तवाहिन्या आक्रसवते आणि ऑक्सिटोसिनचा परिणाम दाबते. मेंदू घाबरलेला असेल तर ऑक्सिटोसिन मुळातच कमी सुटते. गाय काही लपवत नसते. दूध वरच राहिलेले असते.

पियुषिका ग्रंथीला पाश्चात्त्य वैद्यकाने दिलेले नाव तसे अपमानकारक आहे. प्राचीन ग्रीक वैद्य गेलन याच्या मते मेंदूतला कफ तिथून नाकाकडे झिरपत असे. लॅटिनमध्ये कफाला, शेंबडाला 'पिट्युइटा' म्हणतात. त्यावरून 'पिट्युइटरी' हे नाव रूढ झाले. मराठी पाठ्यपुस्तकांनी पियुषिका हा प्रतिशब्द उचलला. पीयूष म्हणजे अमृत हे सगळ्यांना माहीत असते, पण अमरकोशात पीयूष म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूध, आपला चीक. शब्द घडवताना बहुधा ध्वनिसाम्यच पाहिले गेले असेल. तरी दुधाशी इतका जवळचा संबंध असलेल्या ग्रंथीला चिकाचे नाव मिळावे, हा योग दुर्मीळ म्हणायला हवा.

शोधांचा क्रम असा. १८९५ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांना पियुषिकेच्या अर्काने रक्तदाब वाढतो असे आढळले. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी त्याच अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते असे दाखवले. १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी दुभत्या शेळीला ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला आणि दूध वाहू लागले. तरीही पान्हा मज्जातंतूंमुळे येतो की रक्तातल्या पदार्थामुळे, हा वाद उरलाच. त्याचा निकाल अमेरिकेतल्या मिनेसोटात एली आणि पीटरसन यांनी १९४१ मध्ये लावला. त्यांनी गाईच्या अर्ध्या कासेच्या नसा तोडल्या. तरी दोन्ही बाजूंना पान्हा सारखाच आला. म्हणजे शेवटचा हुकूम नसेतून नव्हे, रक्तातून येतो. मग त्यांनी गाईला घाबरवण्यासाठी तिच्या पाठीवर मांजर ठेवले आणि कागदी पिशव्या फोडून आवाज काढले. दूध थांबले. धारेच्या वेळी गोठ्यात पोरांनी गलका करू नये म्हणून दटावणाऱ्या आजीला या प्रयोगाचे नवल वाटले नसते. १९५३ मध्ये विन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिनची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत तयारही केले: नऊ अमिनो आम्लांची एक लहानशी साखळी. १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढच्या सगळ्या भल्याबुऱ्या इतिहासाचे मूळ १९५३ च्या या कामात आहे, कारण संप्रेरक आता कत्तलखान्यातल्या ग्रंथींवर अवलंबून राहिले नाही.

ग्रंथीच्या पुढच्या भागाचा कारभार वेगळा आहे. माणसात अख्खी ग्रंथी वाटाण्याएवढी, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. पण पुढचा भाग अवटू, अधिवृक्क आणि जननग्रंथी या तिघांनाही हाकतो, वाढीचे संप्रेरक सोडतो आणि दूध तयार करायला लावणारे प्रोलॅक्टिनही. जुनी पुस्तके तिला 'ग्रंथींची राणी' म्हणत. जेफ्री हॅरिस यांच्या कामानंतर हे बिरुद टिकले नाही. अधश्चेतक आणि पुढची पियुषिका यांच्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक खासगी कालवा आहे आणि अधश्चेतक त्यातून खाली रासायनिक हुकूम पाठवतो, असे त्यांनी मांडले. १९५५ चा त्यांचा ग्रंथ या शास्त्राचा पाया मानला जातो. ते हुकूम कोणते, हे शोधायला रॉजर गियमँ यांनी मेंढ्यांच्या आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या लाखो मेंदूंचे तुकडे गाळले. १९६९ मध्ये अवटूसाठीचा हुकूम सापडला, १९७१ मध्ये जननग्रंथींसाठीचा, ज्याला जीएनआरएच म्हणतात. १९७७ चे नोबेल दोघांना मिळाले. राणीच्या मागे दिवाण निघाला तो असा. आणि हा दिवाणही मनमानी करत नाही. खालच्या ग्रंथीचे संप्रेरक रक्तात पुरेसे झाले की त्याची वर्दी मेंदूपर्यंत जाते आणि हुकूम थांबतो. कमी पडले की पुन्हा सुटतो. ऊन, उपासमार, भीती, दिवसाची लांबी, वासराचा वास: बाहेरचे जग या साखळीत शिरते ते अधश्चेतकातूनच.

बाहेरचे जग किती आत शिरते, ते माजाच्या बाबतीत परभणीच्या शेतकऱ्याला दरवर्षी दिसते. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. अधश्चेतकाचा जीएनआरएच पियुषिकेकडून आधी बीजपुटक वाढवणारे एफएसएच सोडवतो आणि माजाच्या काळात बीज सोडवणाऱ्या एलएचची लाट उसळते. माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी बीज सुटते. देवाच्या नावाने सोडलेला वळू गावात मोकळा हिंडायचा तोवर या वेळापत्रकाची काळजी माणसाला नव्हती. ती वळूच वाहायचा. कृत्रिम रेतन आल्यावर ती माणसावर पडली. भारतात कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत संपतकुमारन यांनी केला. महाराष्ट्रात ते खेडोपाडी नेण्यात सरकारी दवाखान्यांइतकाच मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापलेल्या 'बाएफ' संस्थेचा वाटा आहे. जनावरांच्या दवाखान्यापुढचा लोखंडी खोडा हे आज प्रत्येक मोठ्या गावातले ओळखीचे दृश्य आहे. 'सकाळी माज दिसला तर संध्याकाळी फळवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी' हा तिथला नियम म्हणजे एलएचच्या लाटेचेच घड्याळ.

म्हशीच्या बाबतीत हे घड्याळ चकवते. मराठवाडी म्हैस एका वेतात हजार लिटरच्या आसपास दूध देते, पण तिचा माज मुका असतो: हंबरणे नाही, सोट नीट दिसत नाही, आणि बहुतेक वेळा रात्रीचा. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी, आणि एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा चाळिशी ओलांडून बसलेला. उष्णतेच्या ताणात जीएनआरएच आणि एलएचचे स्पंद मंदावतात. उन्हाळ्यात म्हशीच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढलेले आढळते आणि तेही अंडाशयाला दाबते असे मानले जाते. परिणामी बऱ्याच म्हशी थेट पावसाळा सरता सरता आणि थंडीत माजावर येतात. डबक्यात बसलेली म्हैस आळशी दिसते खरी, पण तिच्या अधश्चेतकाला थंडावा देण्याचा याहून स्वस्त उपाय अजून निघालेला नाही.

परभणीत या विषयाला संस्थात्मक रूप आले ते १९७२ मध्ये. निजामाच्या हैदराबाद संस्थानातून १९४८ मध्ये मुक्त झालेल्या या जिल्ह्यात १९५६ साली कृषी महाविद्यालय निघाले होते. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी पशुवैद्यक महाविद्यालयही. २००० नंतर ते महाविद्यालय नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले. कृषी विद्यापीठाला पुढे वसंतराव नाईक यांचे नाव मिळाले. विद्यापीठाच्या संकरित गोपैदास प्रकल्पावर देवणी गाय आणि युरोपी होल्स्टीन यांच्या संकरातून 'होलदेव' गाई तयार झाल्या. हा संकर दुधाचे लिटर वाढवण्यासाठी होता, पण त्याने एक न बोललेली गोष्टही बदलली. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या वासरू तोडून धार काढली गेली आणि जी गाय तशातही पान्हावते तीच पैदाशीला ठेवली गेली. होल्स्टीनला कास धुतल्याचा स्पर्श, बादलीचा आवाज, खुराकाचा वासही पुरतो. अधश्चेतक वासराऐवजी त्या खुणेवर ऑक्सिटोसिन सोडायला शिकतो. लाल कंधारी ते शिकलेली नाही. तिचे वासरू दगावले की ती आटते, आणि वेत बुडाले असे समजायचे.

अशा वेळी जुना उपाय होता मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवण्याचा. गाय त्याला चाटते, हुंगते आणि पान्हावते. फसवणूकच ती, पण फसतो तो अधश्चेतक. शरीराला इजा नाही. शहरी तबेल्यांतला फुंका मात्र क्रूर होता. गाईच्या योनिमार्गात हवा फुंकून किंवा काही खुपसून दूध उतरवायचे. सिथियन लोक घोड्यांच्या बाबतीत हेच हाडाच्या नळीने करत, असे हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. योनिमार्ग ताणला गेला की पियुषिका ऑक्सिटोसिन सोडते हे आज कळते. तेव्हा फक्त दूध येते एवढेच ठाऊक होते. कलकत्त्याच्या गवळ्यांच्या या प्रकाराविषयी वाचून गांधीजींनी दूध सोडले, आणि पुढे आजारपणात शेळीचे दूध घेण्याची तडजोड केली, ही हकिकत त्यांच्या आत्मकथेत आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमाने फुंका हा गुन्हा ठरतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा. पुढे दुरुस्तीने या कलमात कोणताही पदार्थ टोचण्याचाही समावेश झाला. तोवर फुंक्याची जागा सुईने घेतलेली होती.

ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन मुळात अडलेल्या गाईला सोडवण्यासाठी, वार पडण्यासाठी आणि माणसांत प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी. ते स्वस्त होते. वासरू मेले किंवा विकले तर धारेआधी सुई मारली की मिनिटाभरात कास ओघळते. दूध वाढत नाही, असलेले उतरते. पण रोज बाहेरून संप्रेरक मिळाले की गाईचा स्वतःचा पान्हा मंदावतो, आणि मग सुईवाचून ती थेंब देत नाही. दुधातून ऑक्सिटोसिन माणसाच्या अंगात जाऊन काय काय होते, याच्या कथा गावोगाव ऐकू येतात. हे प्रथिनासारखे रेणू पोटात पचून तुटतात, तेव्हा त्या कथांत तथ्य थोडेच. खरे नुकसान गाईचे आहे. केंद्र सरकारने २०१८ च्या एप्रिलमध्ये खासगी कंपन्यांना हे औषध बनवण्यास बंदी करणारी अधिसूचना काढली. प्रसूतिगृहांना औषध कमी पडेल हा आक्षेप घेत प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने ती बंदी रद्द केली. गोठ्यातला गैरवापर आणि बाळंतिणीचा जीव, दोन्ही एकाच कुपीत आहेत.

बाहेरची खूण नसली की ग्रंथी गप्प राहते, याचे दुसरे उदाहरण जिल्ह्यातल्या पाण्यात आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण झाले आणि मोठा स्थिर जलाशय तयार झाला. रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे मासे अशा पाण्यात पोसतात, पण साठवणीच्या तळ्यात अंडी घालत नाहीत. अंडी तयार असतात. नदीला पूर आल्याची खूण मिळत नाही, म्हणून पियुषिका शेवटचा हुकूम सोडत नाही. पूर्वी मत्स्यबीज बंगालच्या नद्यांतून गोळा करून रेल्वेने दूरदूर पाठवावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी, के. एच. अलीकुन्ही यांच्या साथीने, माशांच्याच डोक्यातून काढलेल्या पियुषिकेचा अर्क टोचून या माशांकडून तळ्यात अंडी घालून घेतली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. कृत्रिम पूर आणण्यापेक्षा सुई सोपी ठरली, आणि मत्स्यजिरे मिळवण्यासाठी नदीची वाट पाहणे थांबले. नंतर 'ओव्हाप्रिम'सारखी तयार औषधे आली. त्यांत पियुषिकेचा नव्हे तर अधश्चेतकाच्या हुकमाचा कृत्रिम नमुना असतो, म्हणजे इथेही राणीकडून दिवाणाकडे जाणे झाले. गाईला रोज सुई मारली की तिचा पान्हा बिघडतो. माशाच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, कारण त्याला हुकूम हंगामातून एकदाच लागतो.

दिवाणाची भाषा आता गोठ्यातही वापरली जाते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बसवलेल्या पद्धतीनुसार पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर ४८ तासांनी पुन्हा जीएनआरएच, आणि पुढच्या १६ ते २० तासांत गोठित रेतमात्रा. माज दिसण्याची वाट पाहावी लागत नाही. मुक्या माजाच्या म्हशींनाही ती लावता येते. मोडून पडलेली साखळी सुरू करायला ही मात्रा उपयोगी पडते. जनावर खंगलेले असेल, सरकी-पेंड आणि खनिज मिश्रण पोटात नसेल, तर मात्र अधश्चेतक स्वतःचा हुकूम सोडत नाही. पोट रिकामे असताना गाभण राहू नये ही व्यवस्था त्याने फार पूर्वीपासून केलेली आहे.

अशा मात्रेने गाभण राहिलेली गाय सव्वानऊ महिन्यांनी विते. ती होलदेव असेल तर वासराला बाटलीने चीक पाजून वेगळे बांधता येते आणि बादलीच्या आवाजावर ती पान्हावते. लाल कंधारी असेल तर आखाड्यावर आधी वासरू सोडावे लागते.